मातीतून गादीवर : खाशाबांचे पदक आणि एका गहाण घराची किंमत

१/ पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते आणि पलीकडे उतरले की वाई, सातारा, कराड. घाटाच्या अलीकडे, महाड-पोलादपूरच्या गावांत, कबड्डीचे वेड, पलीकडे कुस्तीचे. दोन्ही खेळ मातीत वाढले आणि दोघांनाही पुढे गादीवर, म्हणजे मॅटवर, जावे लागले. या स्थित्यंतराची खरी किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर घाटापलीकडच्या एका मल्लाची कारकीर्द नीट वाचायला हवी.

२/ खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचे गोळेश्वर. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात, ५७ किलो वजनात, खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इतके पाठ्यपुस्तकात सापडते. तेथे पोहोचण्यासाठी त्यांना जवळजवळ दुसराच खेळ शिकावा लागला, याची चर्चा मात्र क्वचित होते.

३/ मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती ही सख्खी भावंडे असली, तरी त्यांचा स्वभाव निराळा. हौद्यातील माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. ती पायाला धरून ठेवते आणि पकडीला साथ देते. निकाल एकच : चीतपट. जोड तुल्यबळ असेल, तर कुस्ती लांबत जाते. मल्ल दम राखून संधीची वाट पाहतो. फडातील सारा हिशेब धीराचा.

४/ गादीवर हा हिशेब मोडतो. तेथे वेळ बांधलेली असते. प्रतिस्पर्धी चीत झाला नाही, तरी पंचांच्या कौलावर कुस्ती जाते किंवा येते. पायात बूट असतात, अंगावर ठरावीक पोशाख असतो आणि पृष्ठभाग वेगवान असतो. वाट पाहणारा मल्ल येथे मागे पडतो. म्हणजे तालमीत वर्षानुवर्षे अंगी बाणवलेला संयमच गादीवर दोष ठरू शकतो.

५/ खेळाची रीत बदलणारे खेळाडू जगभर आहेत. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यांचे खेळाडू खाणी-गिरण्यांतील कामगार होते आणि सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना हवी होती. या फुटीतून रग्बी लीग जन्मली. रग्बी युनियन मात्र १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशीच राहिली. लीगमध्ये गेलेल्यांना युनियनचे दार दीर्घकाळ बंद असे.

६/ ती भिंत पडल्यानंतरच्या पिढीतला इस्राएल फोलाऊ पाहा. टोंगन आईवडिलांचा हा मुलगा ऑस्ट्रेलियात लीग खेळला, मग ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गेला, तेथून युनियनमध्ये आला आणि पुढे टोंगाकडूनही खेळला. प्रत्येक वळणावर त्याच्यामागे क्लबचा करार, प्रशिक्षक आणि वेतन होते. नवी रीत शिकण्याचा काळ कोणीतरी पोसत होते. खाशाबांकडे नेमके हेच नव्हते.

७/ गादीची कुस्ती भारताला १९४८ मध्ये अचानक दिसली, असेही नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारतीय मल्ल उतरले होते आणि रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले होते. पदक एका पायरीवर होते. पुढची अठ्ठावीस वर्षे हाताशी होती. तरीही महाराष्ट्रातील मल्ल लंडनला निघाला, तेव्हा तो मातीतूनच थेट निघाला.

८/ १९४८, लंडन. कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा तेथे पोहोचले. गादी नवी, नियम नवे. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. रीस गार्डनर या प्रशिक्षकांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले, ते याच सुमारास. जगातील सहावा मल्ल त्या खेळाची बाराखडी स्पर्धेच्या तोंडावर गिरवत होता, ही गोष्ट अभिमानाची जितकी, तितकीच व्यवस्थेला लाजवणारी.

९/ पुढील चार वर्षे त्यांनी वरच्या वजनगटासाठी तयारी केली. हेलसिंकीच्या निवडीत प्रथम त्यांचे नाव मागे पडले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली. निवड झाली, पण प्रवासाचे पैसे नव्हते.

१०/ गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ती अपुरी पडली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या प्रसंगाकडे आपण नेहमी गुरुशिष्यप्रेमाची कथा म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण ती दस्तऐवज म्हणूनही वाचावी : १९५२ मध्ये देशाच्या ऑलिंपिक मोहिमेचे तारण एका शिक्षकाचे घर होते.

११/ हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. सुवर्ण गेले जपानच्या शोहाची इशी यांच्याकडे आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्ह यांच्याकडे. या दोघांकडून खाशाबा हरले. इशी यांच्याशी झालेली कुस्ती दीर्घ आणि अटीतटीची होती.

१२/ येथे इतिहासाने एक विलक्षण जोड लावली आहे. इशी हेही मूळचे कुस्तीचे नव्हते; ते ज्युदोचे. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताबा-प्रशासनाने जपानमधील पारंपरिक युद्धकलांवर बंदी घातली. ज्युदोचे दार मिटले आणि इशी कुस्तीकडे वळले. हेलसिंकीच्या गादीवर, म्हणजे, आपापली रीत सोडून आलेले दोन तरुण समोरासमोर उभे होते.

१३/ जपान तेव्हा श्रीमंत होता म्हणून जिंकला, असे म्हणता येत नाही. तो पराभूत, उद्ध्वस्त देश होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे त्याला निमंत्रणही नव्हते. पण त्याच्याकडे इचिरो हाता होते. हे स्वतः ज्युदोपटू. ज्युदोची रीत कुस्तीच्या नियमांत कमी पडते, हे ओळखून त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभीच जपानमध्ये कुस्तीची संघटना उभी केली आणि युद्धानंतर अनेक दशके तिचे नेतृत्व केले.

१४/ फरक येथे आहे. जपानमध्ये रीत बदलण्याचे काम संघटनेने अंगावर घेतले. आपल्याकडे ते एकट्या खेळाडूवर पडले. इशी यांचे सुवर्ण हे हेलसिंकीतील जपानचे एकमेव सुवर्ण होते. पण १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदके मिळवली. पहिल्या पदकाची त्यांनी परंपरा केली. आपण पहिल्या पदकाची आख्यायिका केली.

१५/ याचा सर्वांत बोचरा पुरावा हेलसिंकीतच आहे. दमछाक करणाऱ्या एका लढतीनंतर खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उतरवण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. तो बजावून सांगायला भारतीय पथकातील कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या लढतीच्या वर्णनांत वारंवार येते. खाशाबांनी गादीचे डाव शिकून घेतले होते. गादीचे कायदे सांभाळणारा माणूस देशाने सोबत दिला नव्हता.

१६/ परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. उत्साह ओसरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यात स्वतः लढले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले. ज्या कुस्तीने देशाला पदक दिले, तिचे कर्ज मल्लाने पुन्हा कुस्ती करूनच फेडले.

१७/ १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्त पदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव मिळाले. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्राचा राज्य क्रीडादिन आहे. सन्मान आले, ते नेहमी उशिरा आले.

१८/ यावर एक आक्षेप संभवतो : माती सोडली म्हणून मराठी कुस्ती मागे पडली. इतिहास याला दुजोरा देत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या मातीतल्याच मल्लांनी फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत मिळून दोन सुवर्ण, दोन रौप्य पदके आणली. ग्रीको-रोमनमध्ये तर कमरेखाली पकडच नाही. मातीने त्यांना अडवले नाही; मातीनेच बळ दिले.

१९/ महाराष्ट्र केसरीची रचनाही हेच सांगते. माती आणि गादी असे दोन विभाग आणि दोन्हींच्या विजेत्यांत अंतिम कुस्ती. दोन रीती एकत्र नांदू शकतात, हे या स्पर्धेने दाखवून दिले. मग प्रश्न उरतो तो खर्चाचा. जत्रेतल्या मातीच्या मैदानाला गाव इनाम देते, वर्गणी देते. गादी, प्रशिक्षक, वैद्यक, नियमांचा अभ्यास यांची वर्गणी गावाला झेपणारी नाही. ते शासनाचे आणि संघटनांचे काम.

२०/ ते काम किती रेंगाळले, हे कालगणना सांगते. भारताचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ मध्ये, लिअँडर पेसचे. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये, सुशील कुमारचे. महाराष्ट्रातील खेळाडूचे पुढचे वैयक्तिक पदक २०२४ मध्ये, पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेचे, तेही नेमबाजीत. मधली बहात्तर वर्षे मल्लांची उणीव होती, असे कोण म्हणेल?

२१/ आता पुन्हा घाट उतरून महाड-पोलादपूरकडे. २०१४ पासून प्रो कबड्डीने गादीवरचा खेळ घराघरांत नेला. गावच्या मैदानात मातीवर चढाई करणाऱ्या मुलाला निवड चाचणीत गादीवर उतरायचे असते. मातीवर पाय रुततो, गादीवर तो बुटाच्या पकडीवर फिरतो. वळण, उडी, पकडीचा कोन, सारेच बदलते. हा मुलगा आज तेथेच उभा आहे, जेथे खाशाबा १९४८ मध्ये उभे होते.

२२/ म्हणून खाशाबांची गोष्ट जिद्दीचा धडा म्हणून सांगणे पुरेसे नाही. तेवढेच सांगितले, तर ती पुढच्या मुलावर अन्याय करते. जिद्द त्याच्याकडेही आहे. रीत बदलताना त्याच्या पायाखाली गादी कोण घालणार आणि नियमाचा अर्धा तास त्याच्या वतीने कोण मागणार, एवढेच ठरायचे आहे. प्रत्येक पिढीत एखादा खर्डेकर सापडेल, या भरवशावर खेळाचे धोरण चालत नाही.