कौंडण्यपूरला जा, पण फुकट जेवू नका

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या कार्यकर्त्यांना कौंडण्यपूर दाखवून आणावे, अशी सूचना आली तेव्हा दोघातिघांनी नाक मुरडले. कापूस घरात पडला आहे, सोयाबीनचा खर्च निघाला नाही, आणि हे सहलीला निघाले असे लोक म्हणतील, हा त्यांचा आक्षेप. आम्हाला तो पटला नाही. शेतकऱ्याचा प्रवास म्हणजे बाजार, कचेरी, दवाखाना, नाहीतर लग्न-मयत. नुसते पाहायला म्हणून तो कुठे जात नाही. गेलाच तर देवाचे निमित्त लागते. भाऊसाहेब पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते तेव्हा त्यांच्या पुढाकाराने 1959-60 साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याने बांधाबाहेर पडून चार गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात, असे मानणारा तो आपल्याच जिल्ह्यातला माणूस होता. तेव्हा सहलीची लाज नको. लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, तिच्याकडे आम्ही पुढे येतोच.

अमरावतीला आलेला पाहुणा म्हटला की त्याला चिखलदऱ्याला न्यायचे, ही रीत पडली आहे. चिखलदरा चांगलाच आहे. तिथे कॉफी पिकते, गाविलगड आहे, पावसाळ्यात ढग अंगावरून जातात. पण तिथला पाहुणा लॉजमध्ये उतरतो आणि लॉजमध्येच जेवतो. डोंगरउतारावरच्या कोरकूच्या हाती त्यातले काय लागते, ते ज्याचे त्याने पाहावे. कौंडण्यपूरला लॉजचा प्रश्न नाही. अमरावतीहून कुऱ्ह्यावरून साधारण चाळीस किलोमीटर, तिवसा तालुक्यातले वर्धेच्या काठचे गाव. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका. नदी गावाच्या पूर्वेला असल्यामुळे सूर्य पलीकडच्या जिल्ह्यातून उगवतो आणि पहिला उजेड पाण्यावर पडतो. म्हणून पहाटेच निघा. दहा वाजता पोचून अकराला परत फिरणारे फक्त देऊळ पाहतात.

देऊळ टेकाडावर आहे, विठ्ठल-रुक्मिणीचे. पायऱ्या चढून गेले की नदीचे वळण आणि दोन्ही काठांची शेते एका नजरेत येतात. कार्तिकात गेलात तर काळ्या रानात कापूस फुटलेला, मधल्या तासांत तूर पिवळ्या फुलांवर आलेली. या टेकाडाला नुसती माती समजू नका. 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल 1968 साली छापून आला. महापाषाण काळापासून सातवाहनांपर्यंतची वस्ती इथे थरावर थर मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे माणसे राहत होती, भांडी घडवत होती, आणि त्यांना पोसणारा कोणीतरी या काठावर नांगर धरून होता. त्या नांगरधाऱ्याचे नाव कोणत्याही पोथीत नाही. जुन्या खापराचा तुकडा पायाखाली दिसला तर पाहा, मुलांना दाखवा आणि तिथेच राहू द्या. खिशात घालून घरी नेलेल्या खापराला किंमत उरत नाही.

पोथीत नावे आहेत ती राजाच्या लेकींची. विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ते हेच, असे आपण मानतो. अगस्त्यांची लोपामुद्रा, नळाची दमयंती, अजाची इंदुमती, कृष्णाची रुक्मिणी, सगळ्या विदर्भाच्या लेकी. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला याच वर्धेवर अप्पर वर्धा धरण झाले, त्याच्या जलाशयालाही नळ-दमयंती सागर असेच नाव दिले आहे. रुक्मिणीची कथा भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे. भावाने ठरवलेले लग्न तिला नको होते. तिने स्वतः निरोप लिहून ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवला आणि अंबिकेच्या दर्शनाला गावाबाहेर येईन, तिथून मला घेऊन जा, असे कळवले. आपल्याकडे अजून मुलीला लग्नाचे विचारत नाहीत अशी घरे आहेत. त्या घरच्या बापांनी अंबिकेच्या देवळासमोर थोडा वेळ जास्त थांबावे.

इथे एक गंमत सांगायला हवी. अमरावतीकर म्हणतात, ते अंबिकेचे देऊळ म्हणजे आमची अंबादेवी, हरण झाले ते अमरावतीत. कौंडण्यपूरकर म्हणतात, ते आमच्या गावाला लागून आहे तेच. रुक्मी कृष्णाकडून हरला, तोंड दाखवायला कुंडिनपुरी परतला नाही आणि भोजकट नगर वसवून राहिला. ते भोजकट म्हणजे आपली भातकुली, असेही सांगतात. हे घरातले भांडण झाले. पण 2018 पासून गुजरातेत पोरबंदरजवळच्या माधवपूरच्या जत्रेला केंद्र सरकारने ईशान्येच्या राज्यांना जोडून घेतले, आणि रुक्मिणी अरुणाचल प्रदेशातल्या भीष्मकनगरची, असे तिथे थाटात सांगितले जाऊ लागले. अरुणाचलच्या इदू मिश्मी लोकांचीही तशी श्रद्धा आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. लेक एक आणि माहेरे चार, यात लेकीचे काही बिघडत नाही. फक्त एवढेच नोंदवतो की कौंडण्यपूरचा दावा सरकारी मंडपात मांडलेला नाही, तो पायांनी मांडलेला आहे. सदाराम महाराजांनी 1594 साली इथून पंढरीची वारी सुरू केली असे सांगतात. तेव्हापासून रुक्मिणीच्या माहेरची पालखी ऐन पेरणीच्या तोंडावर निघते आणि महिन्याहून जास्त चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. करोनामुळे 2021 साली फक्त दहा मानाच्या पालख्यांना, त्याही एसटीने, पंढरपूरला जाऊ दिले; त्या दहांत कौंडण्यपूरची होती. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी इथे दहीहंडी असते. गर्दीत उभे राहायची ज्यांची तयारी असेल त्यांनी तो दिवस साधावा. ज्यांना गाव पाहायचे असेल त्यांनी तो दिवस सोडून जावे.

नदीबद्दल एक ताकीद. काठावर बसा, पाय बुडवा, म्हातारीकोतारी आंघोळ करतील तिथे आंघोळ करा. पण कोणी म्हणाले की नावेत बसून मधे जाऊन येऊ, तर अंगावर घालायची तरंगजाकिटे आहेत का ते आधी विचारा. 2021 च्या सप्टेंबरात याच वर्धेवर वरूड तालुक्यात झुंज येथे नाव उलटली आणि एकाच गोतातली अकरा माणसे बुडाली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेली माणसे होती ती.

आता मूळ मुद्दा, जेवणाचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा जण नदीकाठच्या एका गावी बैठक आटोपून एका शेतकऱ्याच्या घरी जेवलो. आधी कळवलेले नव्हते. मळ्यात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, वांग्याची तर्रीदार भाजी, तुरीच्या ओल्या सोल्यांचा भात, वर गूळ-तूप. पोटभर जेवलो, तारीफ केली, वर निघताना मालकाने पिशवीत वानोळा म्हणून संत्री भरून दिली ती घेतली. गाडीत बसल्यावर आमच्यातल्या एकाने, जो हिशेब ठेवतो त्याने, बोटे मोजायला सुरुवात केली. घरातल्या दोघी बाया त्या दुपारी वेचणीला गेल्या नाहीत. एक बाई दिवसाला चाळीस किलो कापूस वेचते असे धरा, तर अर्ध्या दिवसाचा दोघींचा मिळून चाळीस किलो. वेचणीचा दर दहा रुपये किलो धरला तरी चारशे रुपये हे झाले. पीठ, तेल, तूप, वांगी, तूर, गोवऱ्या, संत्री वेगळीच. आणि चूल फुंकणारीची मजुरी तर त्या हिशेबात धरलीच नाही, हे आमच्या लक्षात मागाहून आले. ज्या बैठकीतून आम्ही उठलो होतो त्या बैठकीत दोन तास एकाच गोष्टीवर बोललो होतो: शेतमालाचा उत्पादनखर्च धरताना घरच्या माणसांची मजुरी नीट धरत नाहीत.

आम्ही वर्षानुवर्षे असेच जेवत आलो आहोत. चळवळ गावोगाव पोचली ती याच भाकरीवर, आणि ती भाकर बहुतेक वेळा आमच्यापेक्षा गरिबाच्या घरची होती. त्याबद्दल बाकी सगळे बोललो, हिशेब कधी बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला त्याच घरी आम्ही पैसे काढले. घरची म्हातारी हसली. म्हणाली, "माहेरी जेवाचे कोनी पैसे देते का बाप्पा?" तिच्या मुलाला तर ते लागलेच. "आमी का खानावळ काढली का?" असे म्हणून तो उठून गेला. त्याचा राग खोटा नव्हता. वऱ्हाडात दारी आलेल्याला जेवू घालणे ही इज्जतीची गोष्ट आहे. ज्याच्या घरी धान्य संपले तोही शेजारून पसाभर आणून वाढील. रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखात तर अधिकच. आम्ही या रीतीला नावे ठेवत नाही. पण ज्या माणसाला घरची भाकर विकायची लाज वाटते, त्याला बाजारात मालाचा भाव ठासून मागायचीही लाज वाटते, हे आम्ही मोंढ्यात पाहिले आहे. अडत्या दोन शब्द गोड बोलला, चहा पाजला, की आपण घासाघीस सोडतो.

इकडे सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा, शेतात खोल्या बांधा, शहरातला पाहुणा येईल, हा तुमचा जोडधंदा. आधी गाय देऊन झाली, कोंबड्या देऊन झाल्या, आता पाहुणा. पुण्या-मुंबईच्या भोवती हा धंदा चालतो, चांगला चालतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. शनिवारी दुपारी मोटार काढून रात्री हुरडा खायला पोचणारा गिऱ्हाईक तिथे आहे. तिवसा तालुक्यात तो कुठून आणणार? आणि हुरडा तरी कुठून आणणार? सोयाबीन आले तशी इथली खरिपाची ज्वारी मागे पडत गेली. जी कोणी पेरतो त्याची अर्धी रानडुकरे आणि पाखरे नेतात. कर्ज काढून खोल्या बांधायच्या आणि पाहुण्याची वाट पाहत बसायचे, हा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही. शेतीत जो तोटा येतो तो शेतमालाच्या भावात आहे, पाहुण्याच्या कमतरतेत नाही.

खोल्या न बांधताही काही करता येते. कौंडण्यपूरला येणारी माणसे आहेतच: दर्शनाची, जत्रेची, शाळांच्या सहलीची. ती डबे घेऊन येतात, नदीकाठी खातात, पत्रावळी तिथेच टाकतात आणि जातात. गावाकडे त्यांच्यामागे कचरा राहतो. त्यातल्या निम्म्यांना कोणी रोडगे-भाजीचे रास्त दर लावून जेवू घातले, निघताना तुरीची डाळ, संत्री, ओल्या शेंगा वजन करून विकल्या, तर त्याला मोठे भांडवल नको. चार घरच्या बायांनी मिळून एक चूल मांडली तरी होण्यासारखे आहे. भाव मात्र त्यांनी ठरवावा. शहरातल्या हॉटेलात तीच भाजी वऱ्हाडी थाळी म्हणून कितीला विकतात ते एकदा विचारून यावे आणि मग ठरवावा.

त्या म्हातारीला आम्ही शेवटी म्हटले, लेक माहेरी जेवते खरी, पण रिकाम्या हाताने येत नाही, आणि आम्ही काही तुझ्या लेकी नाही. आम्ही बैठकीला आलेले लोक आहोत, प्रवासखर्च घेतला आहे, जेवणाचाही धरलेला आहे. तेव्हा तिने पैसे घेतले, मोजले नाहीत, पदराला बांधले. मुलगा अजूनही आमच्याशी नीट बोलत नाही.

तर सहलीचे असे ठरले आहे. गाडी पहाटे पाचला निघेल, उजाडताना नदीवर. टेकाड, देऊळ, अंबिका, मग दहाच्या सुमारास जवळच्या शेतात वेचणी चालू असेल तिथे तासभर. ज्यांनी कधी कापूस वेचला नाही, आणि असे कार्यकर्ते आपल्यात आहेत, त्यांनी ओटी बांधून दोन ओळी वेचाव्यात, बोंडाच्या काट्यांनी बोटे कशी होतात ते कळेल. वेचलेले शेतकऱ्याच्या गंजीत टाकावे. जेवण एकच्या सुमारास, आपापली ताटली आणावी, उरलेले काठावर टाकू नये. परतताना मोझरीला गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी अर्धा तास थांबू. वाट थोडी वाकडी होते, पण होऊ द्या.

जेवणाचे पैसे गाडीत बसण्याआधी हिशेबनिसाकडे जमा करायचे आहेत. ते घरधन्याच्या हाती दिले जाणार नाहीत. ज्या बाया रोडगे करतील त्यांच्या हाती, मोजून, सर्वांसमक्ष दिले जातील. वानोळा कोणी आग्रहाने दिला तर वजन करून घ्यावा आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने पैसे द्यावेत. घासाघीस करणाऱ्याला पुढच्या सहलीला नेले जाणार नाही.