व्यासपीठावरचा आवाज

ऑडिओबुक ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, हा आक्षेप आता वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. त्याला उत्तर देत बसण्याचे कारण नाही. वाद घालायचा तो दुसऱ्याच एका गृहीताशी. श्राव्य पुस्तकांच्या श्रोत्यांत, आणि त्यांवर लिहिणाऱ्यांतही, एक श्रेणीव्यवस्था रूढ झालेली दिसते. लेखकाने स्वतः वाचलेले आत्मकथन सर्वांत वर, कारण ते ‘अस्सल’. आणि संगणकीय खेळांच्या नियमांवर रचलेली अद्भुत कादंबरी, जिला ‘लिट-आरपीजी’ म्हणतात, सर्वांत खाली, कारण ती भांडी घासताना ऐकण्याची करमणूक. दोन्ही प्रकार काही वर्षे सातत्याने ऐकल्यानंतर ही श्रेणी मला अन्यायकारक तर वाटतेच, पण त्याहून अधिक आळशी वाटते.

या खेळकादंबरीची एक मूलभूत अडचण आहे. नायकाचे बळ, त्याची आयुधे, त्याने मिळवलेले गुण हे सारे संहितेत आकड्यांच्या कोष्टकांतून येते. छापील पानावर डोळा ते कोष्टक ओलांडून पुढे जातो. कानाला ही सोय नाही. पाच मिनिटे चाललेले कोष्टक निमूटपणे ऐकावे लागते. वाणसामानाची यादी तरी पुढे उपयोगी पडते. अशा कादंबऱ्या मी अर्ध्यावर सोडल्या आहेत, आणि त्यांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही.

परंतु मॅट डिनिमन यांची ‘डन्जन क्रॉलर कार्ल’ (२०२०) जेफ हेज यांच्या अभिवाचनात ऐकताना काय घडते ते पाहावे. पृथ्वीवरील इमारती क्षणात जमीनदोस्त होतात. वाचलेल्यांना अठरा मजल्यांच्या भुयारात उतरवून त्यांच्या मरणाचा खेळ अंतराळभर प्रक्षेपित केला जातो. कार्ल आणि त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीची मांजर त्या खेळात सापडतात. या खेळाचे नियम आणि बक्षिसे घोषित करणारी यंत्रणा कागदावर बरीचशी मुद्रणाची युक्ती आहे. हेज तिला लहरी, छद्मी, मधूनच लाडिक होणारा आवाज देतात, आणि नियमावलीचे पात्र होते. माणसे मरत असताना बक्षिसांची घोषणा करणारा तो उत्साही सूर ऐकला की या कादंबरीचा उपरोध कोणावर रोखलेला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अभिवाचकाने येथे संहितेचा अर्थ लावला आहे. हे समीक्षेचेच काम आहे. शिवाय आपणच कार्ल आहोत असा त्याचा दावा नाही. संकेत उघड आहे.

आत्मकथनात नेमका हाच संकेत झाकला जातो. फिलीप लज्यून यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘आत्मचरित्रात्मक करार’ नावावर उभा आहे: लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच, अशी हमी वाचकाला मिळते. श्राव्य आवृत्तीत या हमीला आवाजाची जोड मिळते, आणि हमीचा परीघ कोणाच्या लक्षात न येता वाढतो. प्रिन्स हॅरी यांचे ‘स्पेअर’ (२०२३) घ्यावे. त्याचे शब्दांकन जे. आर. मोरिंगर यांचे आहे. यात लपवाछपवी नाही. मोरिंगर यांनी त्याच वर्षी ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिले. परंतु वाचन हॅरी यांचे आहे, आणि ‘जणू ते माझ्याशीच बोलत होते’ असा अभिप्राय जो श्रोता देतो, तो घडवलेल्या वाक्याच्या परिणामाला स्वभावाचा पुरावा समजतो. कागदावरील ‘मी’वर संशय घेणे ही वाचकाची साधी सवय असते. कानाशी बोलणाऱ्या माणसावर संशय घेणे मात्र असभ्य वाटते. श्राव्य आत्मकथनाची सत्ता या सभ्यतेवर उभी आहे, आणि पुरस्कारही तिलाच मान तुकवतात: बराक ओबामा (२००६), मिशेल ओबामा (२०२०), व्हायोला डेव्हिस (२०२३), तिघांनाही ग्रॅमी मिळाले ते स्वतःचे आत्मकथन स्वतः वाचल्याबद्दल.

ट्रेव्हर नोआ यांचे ‘बॉर्न अ क्राइम’ (२०१६) हा या विवेचनाला अपवाद म्हणून पुढे केला जाईल, आणि तो मला मान्य आहे. वर्णभेदाच्या राजवटीत अनेक भाषा बोलता येणे हेच ज्या मुलाचे संरक्षण होते, त्याच्या कथनात खोसा भाषेतील टिचकीचे वर्ण कानावर पडणे हा आशयाचा भाग आहे. पण तेथेही आईचा आवाज काढणारा नोआ हा रंगमंचावर मुरलेला नकलाकार आहे. ते अभिवाचन उत्तम आहे ते कसबामुळे. आवाज लेखकाचा असणे ही त्यात पडलेली भर आहे.

हे आपल्याला अवघड जाऊ नये. पुराणिक ज्या आसनावर बसतो त्याला आपण व्यासपीठ म्हणतो, तरी त्याला व्यास समजून कोणी घरी जात नाही. मूळ संहिता एकाची, निरूपण दुसऱ्याचे, हा विवेक कीर्तनाच्या श्रोत्याला शिकवावा लागला नाही. आधुनिक समीक्षेने मात्र तो गमावला. दलित आत्मकथने आली तेव्हा अनुभवाच्या अस्सलतेवर इतके बोलले गेले की त्या पुस्तकांच्या घडणीकडे पाहायला बराच काळ कोणाला सवड झाली नाही. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आल्यापासून मराठीतही श्राव्य पुस्तकांचा व्यवसाय उभा राहिला आहे, आणि अभिवाचनावरचा अभिप्राय अजून ‘आवाज छान आहे’ याच्या फारसा पुढे जात नाही. दया पवार १९९६ मध्ये गेले. त्यांचे ‘बलुतं’ (१९७८) आज लेखकाच्या आवाजात ऐकता येणार नाही म्हणून कोणी हळहळेल. पण त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. लेखकाने स्वतःला आधीच दोघांत वाटून घेतले आहे. ते स्वतः वाचायला बसले असते, तरी त्यांना दोन आवाज लागले असते.