वादळ सर्वांचें, नाश गरिबांचा

बांगलादेशांत चक्रीवादळ झाल्याची बातमी आली कीं, ‘दैवाची अवकृपा’ असें म्हणून आपण पान उलटतों. परंतु हें दैव नेहमीं गरिबावरच कां कोपतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या गाळानें झालेला तेथील किनारा पुष्कळ ठिकाणीं समुद्राहून चार-सहा हातांपेक्षां अधिक उंच नाहीं. ज्याचें घर पक्कें व उंचवट्यावर, तो बहुधा तरतो. भूमिहीन मनुष्य नदीनें नव्यानें टाकलेल्या गाळाच्या बेटावर झोंपडी घालतो, आणि लाट प्रथम त्याच्याच दारीं येते.

मनुष्यहानि टाळतां येते, हें त्या देशानेंच दाखविलें आहे. १९७० च्या नोव्हेंबरांत, हा मुलूख पूर्व पाकिस्तान असतां, वादळानें किमान ३ लाख माणसें मेल्याचा अंदाज आहे. १९९१ सालीं सुमारें १ लाख ३८ हजार मेलीं. २००७ च्या ‘सिडर’ वादळांत सुमारें ३,४००. समुद्र सौम्य झाला म्हणून हा फरक पडला नाहीं. १९७२ पासून उभे राहिलेले स्वयंसेवक गांवोगांव इशारा देऊं लागले व पुढें खांबांवरचे पक्के निवारे वाढले, त्याचें हें फळ. १९९१ सालीं पुरुषांहून स्त्रिया अधिक मेल्या, त्यांत रूढीचाही दोष होता. घरच्या पुरुषाच्या अनुज्ञेची वाट लाट पाहत नाहीं.

तथापि जीव वाचला म्हणजे संसार वाचला असें नव्हे. २००९ च्या ‘आयला’ वादळांत खुलना व सातखिरा जिल्ह्यांत बांध फुटले, खारें पाणी शेतांत शिरलें, आणि पुष्कळ कुटुंबें वर्षाहून अधिक काळ बांधावरच राहिलीं. शेत पिकत नाहीं, पिण्यास गोडें पाणी नाहीं; मग गुरें विकावीं, महाजनाचें कर्ज काढावें, अखेर शहराची वाट धरावी. पुढच्या वादळास असा मनुष्य अधिकच उघडा सांपडतो.

आमच्या व्यापारी वाचकांस हें सहज उमगेल. जहाजावर माल चढविणारा त्याचा विमा उतरवितो; गरिबाचा विमा म्हणजे त्याची गाय, आणि तीच वाहून गेली कीं तो बुडाला. वादळानंतर धान्य व कपडे धाडणें पुण्याचें खरें. परंतु वादळापूर्वीं बांध दुरुस्त राखणें, गुरांसाठीं उंच ओटे घालणें व अल्प व्याजानें कर्ज मिळण्याची सोय करणें अधिक अगत्याचें आहे. म्हणून मदतीच्या फंडास वर्गणी देतांना, यांपैकीं कोणत्या कामीं ती लागणार, हा प्रश्न वाचकांनीं अवश्य विचारावा, अशी आमची विनंति आहे.