सरमेचा प्रश्न

महाभारत कोठून सुरू होते, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी शंतनूपासून सांगू लागतात. आदिपर्वातले पौष्यपर्व उघडले की मात्र आरंभीच मार खाल्लेले एक कुत्रे भेटते. जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा येतो. राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून हाकलतात. आपण हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही, असे तो रडत आईला सांगतो. सरमा तेथे जाऊन विचारते, याचा काही अपराध नसताना याला का मारले? उत्तर कोणीच देत नाही. ग्रंथाच्या अखेरीस, महाप्रस्थानाच्या वाटेवर, आणखी एक कुत्रे येते आणि त्याच्यासाठी युधिष्ठिर स्वर्गावर पाणी सोडायला तयार होतो. हे दुसरे कुत्रे सर्वांच्या लक्षात राहिले. पहिले विस्मरणात गेले.

आमच्या मते याचे कारण उघड आहे. दुसरे कुत्रे हे कुत्रे नव्हतेच, तो धर्म होता. नामदेवांच्या कथेत पोळी पळवणारे कुत्रे विठ्ठल असते. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असे आपण लहानपणीच शिकतो. कुत्रे दुसरे कोणी तरी निघाले की आपली करुणा जागी होते. ते नुसतेच कुत्रे असले की 'भीक नको पण कुत्रे आवर' एवढेच आठवते. मादी असेल तर तिचे नावच शिवी ठरते. वेद आणि शिवी यांच्या मधली जागा आपल्या साहित्याने फारशी वसवलेली नाही.

ही जागा आमच्या ध्यानात आली ती भुरीमुळे. आम्ही दोघे घाटंजीत भाषा शिकवतो. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बसस्थानकाच्या फाटकाशी एका वाहनाने या कुत्रीला उडवले. उजवा मागचा पाय अधांतरी धरून ती कित्येक दिवस फिरत होती आणि आम्हीही इतरांसारखेच ते पाहत होतो. अखेर तिला नागपूरला नेले, तेव्हा खुब्याचा सांधा निखळून बराच काळ लोटला होता आणि तो जागेवर बसवणे शक्य नव्हते. मांडीच्या हाडाचा गोल माथा कापून काढण्याची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या सांभाळासाठी ती आमच्या ओसरीवर आली.

या शस्त्रक्रियेची रीत समजून घेण्यासारखी आहे. काढलेल्या माथ्याच्या जागी काहीही बसवत नाहीत. भोवतीचे स्नायू आणि नव्याने तयार होणारी तंतुमय ऊती मिळून तेथे एक प्रकारचा खोटा सांधा घडवतात आणि हलक्या अंगाच्या कुत्र्याला तो पुष्कळदा आयुष्यभर पुरतो. मात्र तो घडतो वापराने. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी असते. येथे सुरुवातीचे थोडे दिवस गेले की जनावराला हळूहळू चालवावे लागते. पाय उचलून धरण्याची सवय राहिली तर स्नायू सुकतात आणि सांधा आखडतो.

आमची पहिली चूक येथेच झाली. ती कण्हली की आम्ही तिला उचलून घेत असू. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी मांडीचा घेर चाचपला आणि शांतपणे सांगितले, की असे लाड चालू राहिले तर ती लंगडीच राहील. तेव्हापासून दिवसातून चार वेळा, दोरी आखूड धरून, पाच-पाच मिनिटे चालणे सुरू झाले. चाल जितकी संथ तितका पाय टेकण्याचा संभव अधिक. भरभर चाललो की ती तीन पायांवर पळे. आधी नखे टेकली, मग पंजा. तिसऱ्या आठवड्यात तिने त्या पायावर क्षणभर भार दिला, तेव्हा आम्ही दोघेही बोललो नाही. दया करणाऱ्याला दया दाखवण्याचे सुख हवे असते आणि ते सुख दुसऱ्याला अधू ठेवू शकते, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

शेजारच्या कापूस वेचायला जाणाऱ्या बाईंनी एकदा विचारले, "मास्तर, कुत्र्याले कायले एवढा पैसा लावता जी?" आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशाला कळले, तेथे हे मौन गैर आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. इतकेच म्हणता येईल, की त्याच बाई पुढे दुपारी भुरीच्या भांड्यात पाणी आहे का ते पाहून जाऊ लागल्या. त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही, आम्हीही मागितले नाही.

इंग्रजीतल्या 'फॉस्टर'ला मराठीत नेमका शब्द नाही. 'दत्तक' म्हटले की वारसा आला, 'पाळीव' म्हटले की मालकी आली. शब्द नसला तरी रीत आहे: बाळंतपणाला आलेली लेक सासरी परतणार, हे धरूनच माहेर तिचे सारे करते. लीळाचरित्रात तर याचा नमुनाच आहे. पारध्यांनी कुत्री सोडली तेव्हा जिवाच्या भयाने ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरला. त्यांनी तो दिला नाही. संकट टळल्यावर मात्र मांडी उचलून त्याला जायला सांगितले. तो ससा देव निघत नाही, भक्त होत नाही, कृतज्ञताही दाखवत नाही. तो निघून जातो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेली ही लीळा अभ्यासक्रमात आपण अहिंसेचा पाठ म्हणून शिकवतो. तिच्यातले सोडून देणे आपल्या नजरेतून सुटते.

पण सोडायचे कोठे? २०२३च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले भटके कुत्रे मूळ जागी परत सोडायचे असते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री तेथे परत सोडू नयेत, त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश दिला. चाव्याची भीती खोटी नाही; रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. ही भीती मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी. लहान गावात निवारा म्हणजे इमारत नसते, कोणाची तरी ओसरी असते. अशा ओसऱ्या मोकळ्या राहायच्या तर त्यांवर आलेल्या प्रत्येक जनावराला कायमचे ठेवून घेण्याचा मोह आवरावा लागेल.

हा मोह आम्हालाही आहे. तरी भुरीला आम्ही देणार आहोत. एक शेतकरी कुटुंब तिला न्यायला तयार झाले आहे. ती लंगडते हे त्यांनी पाहिले, भुंकते ना, एवढे विचारले. टिपेश्वरचे जंगल दूर नाही, म्हणून रात्री तिला घरात घ्यावे, ही आमची एकच अट होती. ती त्यांनी मान्य केली. रविवारी ते येतील. तोवर चार वेळचे चालणे चालू राहील.