आधी पाय, मग पेहराव

एखादी चित्रतारका विमानतळाच्या दारात मोटारीतून उतरते, छायाचित्रकार धावतात आणि दुसऱ्या दिवशी पुरवणीत तिचा ‘एअरपोर्ट लूक’ छापून येतो. उंच टाचेचे बूट, पायांना चिकटलेली जीन्स, खांद्यावर नुसताच टाकलेला कोट. हे छायाचित्र प्रवास सुरू होण्याआधीचे असते, हे आपण विसरतो. पंधरा तासांनी दुसऱ्या खंडात उतरताना त्याच पायांचे काय झालेले असते, हे कोणी टिपत नाही. विमानप्रवासाला काय घालावे याबद्दलची आपली समजूत मात्र त्या पहिल्या छायाचित्रावरच बेतलेली आहे.

चित्रतारकांचे त्यांचे त्या पाहतील. काळजी वाटते ती पुण्या-नाशिकहून, सांगली-कोल्हापुरातून मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला निघालेल्या साठी-सत्तरीतल्या आईबाबांची. महिनाभर आधी तयारी सुरू होते. बॅगा काट्यावर चढवून किलोचा हिशेब होतो. मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी झबली-टोपडी, रक्तदाबाच्या गोळ्या यांची यादी होते. अंगावर काय घालायचे याचा विचार मात्र शेवटच्या पाच मिनिटांत होतो आणि त्याला निकष एकच असतो, ‘चार लोकांत बरे दिसले पाहिजे’. माझे म्हणणे असे की, लांबच्या विमानप्रवासात कपडे हे औषधाच्या डबीइतकेच आरोग्याचे साधन आहे. ते डोक्याकडून पायाकडे नव्हे, तर पायाकडून वर ठरवत जावे. तसे ठरवले म्हणून ते वाईट दिसण्याचे काही कारण नाही.

आधी विमानात शरीराचे काय होते ते पाहू. विमान जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडते. आतल्या हवेचा दाब वाढवलेला असला, तरी तो जमिनीवरच्या इतका नसतो. बहुतेक विमानांत तो ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे मुंबई ते न्यूयॉर्क सरळ उड्डाण झाले, तरी पंधरा-सोळा तास आपण कळसूबाईपेक्षा उंच जागी एका खुर्चीत बसलेले असतो. दाब कमी झाल्यामुळे पोटातला वायू पाव ते तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. हवेतली आर्द्रता बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घसा, डोळे आणि त्वचा कोरडी पडते. पाय खाली लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्याने घोट्यांपाशी पाणी साठते आणि उतरताना चप्पल पायात जात नाही.

ही सूज बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असते, दोन दिवसांत उतरते. पण स्थिर बसण्याचा आणखी एक परिणाम आहे, तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, सैल होतात आणि रक्त वर चढते. बसून राहिले की हा पंप बंद पडतो, नीलांमधले रक्त रेंगाळते आणि कधीकधी त्याची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जीव जाऊ शकतो.

हा धोका विमानामुळे जन्माला आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत बसून काढत. कित्येकजण कापडी आरामखुर्च्यांवर झोपत आणि त्या खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा पायांच्या मागच्या बाजूस रुतत असे. फुप्फुसातल्या गुठळीने होणारे अचानक मृत्यू अशा लोकांत वाढल्याचे डॉ. कीथ सिम्पसन यांनी १९४० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. बसून राहणे आणि पायावर एका जागी आवळ पडणे, ही ती जोडी. विमानातल्या बसण्याला आपण पुष्कळदा कपड्यांनी तोच दांडा जोडून देतो. गुडघ्याखाली रुतणारे इलॅस्टिकचे मोजे, पोटरीवर घट्ट बसलेली जीन्स, जांघेत आवळणारी अंतर्वस्त्रे, ही त्याचीच रूपे.

धोक्याचे माप नीट समजून घ्यावे, म्हणजे घबराट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर हाती घेतलेल्या संशोधनाचे निष्कर्ष २००७ मध्ये जाहीर झाले. चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा असो की बसचा. दुप्पट होऊनही निरोगी माणसात तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच राहतो. म्हणून तरुण, धडधाकट प्रवाशाने यावरून झोप उडवून घेऊ नये. पण लठ्ठपणा, आधी कधी झालेली गुठळी, कर्करोग, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर हिशेब बदलतो. गुडघा बदलून थोडेच दिवस झालेत आणि आता मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या, अशा आजी आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. त्यांनी तिकिटाआधी डॉक्टरांना विचारावे.

अशा प्रवाशांसाठी सर्वांत उपयोगी कपडा कोणता, याचे उत्तर पुराव्यानिशी देता येते. तो म्हणजे घोट्यापाशी जास्त आणि वर कमी दाब देणारे, गुडघ्याखालपर्यंतचे मोजे. दुकानात ते ‘कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज’ म्हणून मिळतात. हे मोजे आणि विमानप्रवास यांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने एकत्रित आढावा घेतला आहे. त्यातल्या नऊ चाचण्यांत मिळून २,६३७ प्रवासी होते. त्यांपैकी ५० जणांच्या पायात लक्षण न दाखवणारी गुठळी सापडली. त्या ५० पैकी मोजे घातलेले होते ३ आणि न घातलेले ४७. या गुठळ्या मूक होत्या, त्यातून कोणी दगावले नाही, हेही सांगायला हवे. तरीही वैद्यकशास्त्रात एका साध्या मोजाच्या नावावर असा फरक सहसा लागत नाही.

मात्र हे मोजे म्हणजे कोणतेही घट्ट मोजे नव्हेत. घोटा आणि पोटरी यांचे माप घेऊनच ते विकत घ्यावेत. घरून निघण्यापूर्वी, पायांना सूज नसताना चढवावेत. वरची कड दुमडू नये. दुमडलेली कड म्हणजे पुन्हा तोच लाकडी दांडा. पायाकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील किंवा मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर हे मोजे अपायही करू शकतात. तेव्हा अशांनी स्वतःहून घालू नयेत. आणि मोजे घातले म्हणजे उठायचे नाही असे नव्हे. तासा-दोन तासांनी उठून फेरी मारणे, बसल्या जागी चवडे वर-खाली करणे यांना पर्याय नाही. म्हणूनच उठताबसता आडवे येणार नाहीत असे कपडे हवेत.

इथे साडीचा विषय येतो. तो नाजूक आहे. जन्मभर साडीच नेसलेल्या बाईला ‘विमानात पंजाबी ड्रेस घाल’ असे सुनावणे सोपे असते. तिला मात्र ते परक्याच्या घरात उघड्या डोक्याने जाण्यासारखे वाटू शकते. त्या संकोचाची थट्टा करू नये. पण गोल साडीच्या अडचणीही लपवू नयेत. परकराची नाडी कमरेला एका रेषेत काचते आणि पोट फुगल्यावर अधिकच रुतते. विमानातल्या चिंचोळ्या शौचालयात निऱ्या सावरणे अवघड, म्हणून मग पाणीच कमी प्यायचे आणि जागेवरून उठायचेच नाही, असा मार्ग कित्येकजणी काढतात. पायांना नेमके तेच नको असते. गंमत म्हणजे काष्ट्याची नऊवारी पायांना मोकळी ठेवते. त्याच नेसणीत बायकांनी शेते कसली, गड चढले. सहावारीच नेसायची असेल, तर ती सुती असावी, परकराला नाडीऐवजी रुंद मऊ पट्टा शिवून घ्यावा, आत सुती लेगिंग्ज घालावी आणि साडी घोट्याच्या थोडी वर नेसावी. एअर इंडियाने २०२३ च्या अखेरीस नवा गणवेश आणला, तेव्हा त्यातली साडीसुद्धा तयार शिवलेली आणि पँटवर नेसता येईल अशी ठेवली. ज्यांचे कामच विमानात आहे, त्यांच्यासाठी साडीत बदल होतो, तर आजीसाठी का नको? पुरुषांनाही हाच न्याय. पोटावर आवळलेला पट्टा आणि कडक पँट यांपेक्षा सैल सुती पँट किंवा झब्बा-पायजमा कितीतरी बरा.

कापडाची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्याबद्दल आपण बोलणे टाळतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. पण प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले आणि वाचले. सामान मागे ठेवून, सूचना ऐकून ते निघाले, हे त्यामागचे मोठे कारण. अशा वेळी पायात घट्ट बसणारे सपाट बूट आणि अंग झाकणारे सुती किंवा लोकरी कपडे साथ देतात. नायलॉन, पॉलिएस्टर आगीच्या धगीने वितळून त्वचेला चिकटते. सुती कापड पेट घेते हे खरे, पण ते वितळत नाही. लोकर तर सहजासहजी पेटतही नाही. उंच टाचेचे बूट तिथे काढून टाकावे लागतात, कारण टाचेने घसरगुंडी फाटू शकते. आणि ऐटदार कोल्हापुरी चप्पल? तिला मागे बंद नसतो, त्यामुळे धावपळीत ती पायात राहत नाही. ती बॅगेत न्यावी, तिकडे मिरवावी.

असा अपघात होण्याची शक्यता फार थोडी आहे. पण सुती निवडायला काही जास्त पडत नाही. ‘आरामदायी’ म्हणून आज जे ट्रॅकसूट सर्रास घातले जातात, त्यांतले बरेचसे पॉलिएस्टरचे असतात. लेबल वाचून घ्यावे.

बूट अर्ध्या मापाने सैल किंवा नाडीने सैल करता येतील असे असावेत. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ते पायातच हवेत. मध्ये काढले, तरी शौचालयात अनवाणी किंवा नुसत्या मोजांवर जाऊ नये, तिथली ओल दर वेळी पाण्याचीच असते असे नाही. थंडीसाठी एकच जाड कोट घालण्यापेक्षा सुती सदरा, वर स्वेटर आणि जवळ एक लोकरी शाल असे थर बरे. शिकागोच्या जानेवारीची तयारी मुंबईच्या घामात करू नये, थर्मल आतले कपडे उतरण्याआधी चढवता येतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या प्रवासात चष्मा लावावा. अत्तर बेताने, शेजारी दमेकरी असू शकतो.

आता राहिले दिसण्याचे. नीटनेटके दिसावे ही इच्छा उथळ नाही. परदेशात उतरताना, अनोळखी अधिकाऱ्यासमोर उभे राहताना अंगावरचा चांगला कपडा माणसाला धीर देतो. पण खादीचा किंवा मंगळगिरीचा सैल कुर्ता, गडद रंगाची सुती पँट, पैठणी काठाची नव्हे तर एखादी पश्मिना किंवा साधी लोकरी शाल, स्वच्छ बूट, यांत शोभा कमी कुठे आहे? गडद रंगावर चहाचा डाग दिसत नाही आणि कुर्त्याखाली दाबाचे मोजे तर मुळीच दिसत नाहीत.

विमान कंपन्यांकडून आणि सहलवाल्यांकडून सामानाच्या किलोंबद्दल पानभर सूचना येतात. त्यांत पाय आणि कपडे यांवर दोन ओळी, त्याही मराठीत, घालायला किती खर्च येईल? त्या येईपर्यंत हे काम मुलांनी करावे. आईसाठी तिकडून गाऊन आणण्याआधी तिच्या घोट्याचे माप विचारावे. उतरल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून घरी न बसता तडक रुग्णालय गाठावे आणि आपण नुकताच विमानप्रवास केला आहे हे डॉक्टरांना सांगावे.

आणि निघण्याच्या आठवडाभर आधी एक रंगीत तालीम करावी. ठरवलेले सगळे कपडे, मोजे आणि बूट घालून जेवणाच्या टेबलाशी दोन तास बसावे, पोटभर खावे, मध्ये दोनदा शौचालयात जाऊन यावे, जिन्यावरून भरभर उतरावे. कुठे काचले, कुठे अडले ते लगेच कळेल. ते बदलायला तेव्हा हाताशी शिंपीही असतो आणि वेळही.