परदेशातल्या मतदाराला नुसती यादी नको, मतपत्रिका हवी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरातलं कोणी दुबईत, कतारमध्ये, लंडनला किंवा अमेरिकेत असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि त्यांनाही पाठवा.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून ५,०९७ नावं होती. त्यातल्या किती जणांनी मत दिलं? १७ जणांनी. गोव्यात ८४ नावं होती, मत एकानेही दिलं नाही. देशभरात १,१९,३७४ नावं आणि मतं फक्त २,९५८. त्यातली २,६७० एकट्या केरळची. म्हणजे केरळ सोडून उरलेल्या सगळ्या देशातून तीनशेसुद्धा नाहीत. हे आकडे निवडणूक आयोगाचेच आहेत.

असे आकडे आले की कॉमेंटमध्ये लगेच सुरू होतं, "एनआरआय लोकांना फक्त ज्ञान पाजळायचं असतं, मत द्यायला नको." मला हे पटत नाही. आपला कायदा त्यांना मत देऊ देतो, पण एका अटीवर: मतदानाच्या दिवशी स्वतः इथे येऊन, आपल्या गावच्या केंद्रावर रांगेत उभं राहून. खेड, महाड, श्रीवर्धनकडची किती घरं आखाती देशांतल्या पगारावर चालतात ते वेगळं सांगायला नको. तिथे ड्रायव्हर, वेल्डर किंवा हॉटेलात कुक असलेल्या माणसाला सुटी मिळते वर्षा-दोन वर्षांतून एकदा, तीही मालक देईल तेव्हा. तो एका मतासाठी विमानाचं तिकीट काढून येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. केरळमध्ये गल्फमधल्या संघटना निवडणुकीच्या वेळी खास विमानांची सोय करतात, म्हणून तिथला आकडा थोडा तरी दिसतो.

आता कायदा काय सांगतो ते बघू. २०१० पर्यंत नियम सरळ होता: राहता तिथे मत. परदेशात राहायला गेलात की यादीतून नाव जायचं. २०१० साली संसदेने १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ घातलं. नोकरी, शिक्षण किंवा इतर कारणाने परदेशात राहणाऱ्या, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. २०११ पासून हे लागू आहे.

यावर लोकांचे बरेच घोळ असतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसा असला तरी पासपोर्ट भारतीय आहे ना? मग हक्क आहे. अमेरिकेचं, ब्रिटनचं नागरिकत्व घेतलं असेल तर नाही. ओसीआय कार्ड असलं तरी नाही, त्या कार्डात मताचा हक्क येत नाही. गोव्यातल्या ज्या मंडळींनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांनाही हेच लागू.

दुसरा घोळ जास्त गंभीर आहे. "आमच्या पोराचं नाव इथल्या यादीत आहेच की, कशाला छेडता?" पोरगा सहा वर्षं कॅनडात राहतोय आणि नाव मात्र साध्या यादीत, इथला रहिवासी म्हणून. हे कायद्याला धरून नाही. सुटीपुरतं, कामापुरतं बाहेर जाणं वेगळं, बिऱ्हाड तिकडे असणं वेगळं. नोंदणी करताना जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि असं नाव कोणीही हरकत घेऊन कापू शकतं. त्यापेक्षा सरळ परदेशस्थ मतदार म्हणून नोंद करा.

त्यासाठी अर्ज आहे फॉर्म ६-अ. साधा फॉर्म ६ भरू नका, तो इथे राहणाऱ्यांसाठी आहे. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, फी नाही. एक फोटो आणि पासपोर्टच्या पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती लागतात: फोटोचं पान, भारतातला पत्ता असलेलं पान आणि व्हिसाचा शिक्का असलेलं पान. आधीचं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावं लागतं. मग बीएलओ, म्हणजे बहुतेक वेळा शाळेतले मास्तर किंवा अंगणवाडीताई, त्या पत्त्यावर चौकशीला येतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आजी दारातूनच सांगायची, "तो इथे नाही राहत" आणि अर्ज लटकायचा. घरी कोणीच नसेल तर पडताळणीचे कागद तिकडच्या भारतीय वकिलातीकडे जातात.

नवं ओळखपत्र मिळत नाही. केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवायचा आणि मत द्यायचं. कायमचे परत आलात की ते नाव काढून साधा फॉर्म ६ भरायचा. आणि हे सगळं निवडणूक लागेपर्यंत ढकलू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घालता येत नाही.

इथपर्यंत माहिती झाली. आता माझं म्हणणं.

पोस्टाने मत देण्याची सोय आपल्याकडे नाही असं नाही. सीमेवरचा जवान आणि परदेशातल्या आपल्या वकिलातीत नेमलेला सरकारी कर्मचारी, दोघांनाही आज मतपत्रिका इंटरनेटवरून जाते. ते ती छापून घेतात, खूण करतात, पाकिटात घालून पोस्टाने परत पाठवतात. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आजी-आजोबांचं मत त्यांच्या घरी जाऊन घेतलं गेलं. म्हणजे यंत्रणा आहे, अनुभव आहे. दोहाच्या वकिलातीतला साहेब तिथून मत देऊ शकतो, पण त्याच वकिलातीत पासपोर्ट रिन्यू करायला रांगेत उभा असलेला आपला प्लंबर देऊ शकत नाही. दोघेही भारताचेच नागरिक.

बाहेर बघा. पुण्यात राहणारा अमेरिकी नागरिक एक फेडरल पोस्टकार्ड अर्ज भरतो, त्यातच नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी दोन्ही होतं. वेळेत मागणी केली असेल तर तिथल्या राष्ट्रीय निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवणं त्याच्या राज्यावर बंधनकारक आहे, आणि ती ईमेलवरही मागवता येते. तो कोथरूडमध्ये बसून मत देतो. आपला कोथरूडचा माणूस न्यू जर्सीत बसून कोथरूडसाठी मत देऊ शकत नाही.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. अबू धाबीतले डॉक्टर आणि उद्योजक शमशीर वयालील यांच्यासारखे अनिवासी भारतीय सर्वोच्च न्यायालयात गेले. आयोगाच्या समितीने २०१४ मध्ये ई-पोस्टल मतपत्रिका आणि प्रतिनिधीमार्फत मतदान असे दोन मार्ग सुचवले. सरकारने प्रतिनिधीचा मार्ग धरला. ते विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं. २०२० मध्ये आयोगाने कायदा मंत्रालयाला पत्र लिहून ई-पोस्टलची तयारी कळवली. त्यानंतर महाराष्ट्रात लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि नियम तिथेच आहे.

ते प्रतिनिधीवालं विधेयक पडलं याचं मला वाईट वाटत नाही. प्रतिनिधी म्हणजे शेवटी घरातला कर्ता पुरुष. सौदीत नर्स असलेल्या सुनेचं मत सासरा देणार, आणि तिने सांगितलं तसंच दिलं का हे तिला कधीच कळणार नाही. शिवाय गावात अशा मतांचा घाऊक सौदा व्हायला वेळ लागणार नाही. मत गुप्त असलं पाहिजे आणि ज्याचं त्यानेच दिलं पाहिजे. त्यासाठी पोस्टल मतपत्रिकाच हवी.

तिच्यातही अडचणी आहेत. लेबर कॅम्पमधल्या माणसाला कोणी दमात घेणार नाही कशावरून? पाकीट मतमोजणीच्या आधी पोचेल का? ओळखीची खात्री कोण करणार? हे प्रश्न खरे आहेत. पण वकिलातीत ओळख पटवून तिथेच पडद्याआड मत घेणं, निवडक देशांत आधी प्रयोग करणं, असे मार्ग काढता येतात. अडचण आहे म्हणून हक्कच कागदावर ठेवायचा, हे उत्तर नव्हे.

"देश सोडून गेले, त्यांना मत कशाला?" असंही काही जण म्हणतील. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. संविधानाच्या कलम ३२६ मध्ये रहिवास नाही या कारणावरून मताधिकार नाकारण्याची मुभा कायद्याला आहे. पण संसदेने २०१० मध्ये विचार करून उलट निर्णय घेतला. तो चुकला असं वाटत असेल तर कायदा बदला. एका हाताने यादीत नाव घालायचं आणि दुसऱ्या हाताने विमानाचं तिकीट मागायचं, याने फक्त पैसेवाल्यांचा मताधिकार उरतो.

एका मताने काय होतं असं वाटत असेल तर मुंबई उत्तर-पश्चिम आठवा. २०२४ मध्ये तिथला निकाल ४८ मतांनी लागला.

मग मत देता येत नसताना नोंदणी का करायची? कारण परराष्ट्र मंत्रालयाच्या हिशेबाने दीड कोटीहून जास्त अनिवासी भारतीय बाहेर आहेत आणि यादीत सव्वा लाखसुद्धा नाहीत. दिल्लीत बसलेल्या माणसाला "कोणाला हवंय?" म्हणायला हा आकडा पुरतो. महाराष्ट्राचे ५,०९७ चे ५०,००० झाले तर प्रत्येक पक्षाला वकिलातीतलं मतदान केंद्र आपोआप सुचेल. शिवाय निवडणुकीच्या वेळी सुटीवर इथे असाल तर मत देता येईलच.

तेव्हा दोन कामं करा. घरातल्या बाहेर असलेल्या माणसाला फॉर्म ६-अ भरायला लावा. आणि आपल्या खासदाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, एवढंच विचारा: परदेशातल्या मतदाराच्या मतपत्रिकेबद्दल तुम्ही संसदेत प्रश्न कधी विचारणार? उत्तर मिळालं तर इथे कॉमेंटमध्ये टाका. नाही मिळालं तर तेही टाका.