व्हाउचर कुणाच्या सोयीचे?

विमान रद्द झाले की मोबाईलवर मेसेज येतो: पैशाऐवजी व्हाउचर घ्या, वर्षभरात कधीही वापरा. दर महिन्याला मुंबई-दिल्ली करणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही. पण आमच्या कुंभार पिंपळगावातला माणूस विमानात बसतो तो बहुधा उमरा किंवा हजसाठी. कापसाचे पैसे, भिशी, पोराच्या पगारातली बचत, असे सगळे जोडून केलेली ती तयारी असते. त्याने वर्षभरात दुसरे कुठे उडायचे?

27 फेब्रुवारी 2020 ला सौदी सरकारने उमरा थांबवला, मार्चमध्ये विमानेच बंद झाली. कंपन्यांनी पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये ठेवले. त्या वर्षीची हज रद्द झाल्यावर मात्र हज कमिटीने सगळी रक्कम कपात न करता बँक खात्यात परत दिली. म्हणजे परत देणे अशक्य नव्हते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालानुसार लॉकडाऊनमध्ये काढलेल्या, लॉकडाऊनमधल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पैसे लगेच परत द्यायचे होते. इतरांसाठी अडचणीतल्या कंपनीला 31 मार्च 2021 पर्यंत क्रेडिट शेलची मुभा मिळाली, पण तो दुसऱ्याला देता येईल आणि वापरला नाही तर रोख परत, अशा अटींवर. एजंटाकडून काढलेल्या तिकिटांचाही विचार त्यात होता. आमच्याकडे तिकीट एजंटच काढतो, म्हणून हे महत्त्वाचे.

डीजीसीएचा नियमही स्पष्ट आहे: रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने नाही. तरी मेसेजमध्ये व्हाउचरचे बटण ठळक आणि रिफंडचे शोधावे लागते, असे का व्हावे?

कुणी म्हणेल, कंपनी बुडाली तर सगळ्यांचेच नुकसान. पण व्हाउचर घेणारा त्या कंपनीला बिनव्याजी उधारच देतो. गो फर्स्टची विमाने 3 मे 2023 ला थांबली ती पुन्हा उडालीच नाहीत. जानेवारी 2025 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. तिकिटाचे पैसे अडकलेले प्रवासी देणेकऱ्यांच्या रांगेत बसले.

डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा रिफंडसाठी सरकारला 7 डिसेंबरची मुदत घालून द्यावी लागली. कंपनीने फार हाल झालेल्यांना 10 हजारांची व्हाउचर्सही दिली, पण ती रिफंडशिवाय वेगळी. अशी वरची भर असेल तर व्हाउचरला माझी हरकत नाही.